फ्रिजमागची पाण्याची नळी पुन्हा पुन्हा गळते? अरुंद कोनाड्यातला जोड आधी बाहेर काढा

फ्रिज बाहेर ओढून बघितलं तर मागचा जोड कोरडा ठणठणीत. फ्रिज परत कोनाड्यात ढकलला की आठ-पंधरा दिवसांत खालच्या टाइलवर पुन्हा ओल. आमच्याकडे हे एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत चाललं. तीन वेळा माणूस बोलावला, तिन्ही वेळा जोड दुरुस्त झाला आणि तिन्ही वेळा गळती परत आली. तोवर शेजारच्या कपाटाचं प्लायवूड खालून फुगलं होतं आणि सनमायकाचा कोपरा सुटून वर आला होता.

दोन दारांचा, थंड पाणी आणि बर्फ आपोआप देणारा फ्रिज ज्यांनी घेतला आहे आणि तो मॉड्युलर किचनच्या मापात मोजून बसवला आहे, त्यांच्यापैकी कुणाला ना कुणाला हा त्रास होतोच. म्हणून आम्हाला शेवटी काय सापडलं आणि काय केल्यावर गळती थांबली ते सविस्तर लिहिते आहे.

आधी आमची जागा सांगते, कारण सगळा घोळ जागेतच आहे. पिंपळे सौदागरला सात मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. फ्रिजचा कोनाडा ९५ सेंटिमीटर रुंद आणि फ्रिज ९१. डावीकडे भिंत, उजवीकडे सिंकखालचं कपाट. फ्रिज पूर्ण आत गेला की मागे जेमतेम ५ सेंटिमीटर उरतात, आणि हवा खेळायला तेवढी जागा लागतेच. किचन करताना पाण्याचा पॉइंट काढला होता तो नेमका फ्रिजच्या मागच्या भिंतीत, आणि त्यावर अँगल कॉक, म्हणजे काटकोनात वळलेला छोटा नळ. हा कॉक भिंतीतून ८ सेंटिमीटर पुढे येतो. तो फ्रिजच्या खालच्या पोकळ भागासमोर असल्यामुळे फ्रिज आत जायचा, पण नळीला वळायला जागाच राहायची नाही. हे आम्हाला वर्षभर कळलं नाही.

गळती नळीचीच आहे ना, हे आधी ठरवा

फ्रिजखाली पाणी दिसलं की सगळे आधी नळीकडे बोट दाखवतात. पण फ्रिजखाली पाणी येण्याची दुसरीही मोठी वाट आहे. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये गोठलेलं दव ठरावीक वेळाने वितळवलं जातं आणि ते पाणी एका बारीक निचरा नळीतून मागे कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये पडून तिथल्या उष्णतेने वाळतं. ही निचरा नळी तुंबली किंवा आत बर्फाने बंद झाली, तर पाणी फ्रीजरच्या तळाशी साचतं, तिथे बर्फाचा थर धरतं आणि शेवटी दाराखालून बाहेर येतं. अशा वेळी पुरवठ्याची नळी दहा वेळा बदलली तरी उपयोग नाही.

ओळखायचं असं. बर्फाचं यंत्र बंद करा, फ्रिजला जाणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा, खालची टाइल कोरडी पुसा आणि फ्रिज नेहमीसारखा चालू ठेवून दोन दिवस थांबा. कॉक बंद असूनही पाणी आलं तर दोष निचऱ्याचा, तिथे फ्रिजचा मेकॅनिकच हवा. दोन दिवस कोरडं राहिलं आणि कॉक उघडल्यावर ओल आली, तर पुरवठ्याची बाजू गळते आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेमुळे फ्रिजच्या कडांना घाम येतो तोही लोक गळती समजतात. तो पुसला की बराच वेळ परत दिसत नाही आणि टाइलवर थारोळं करत नाही.

कॉक उघडल्यावर नेमका कुठला जोड गळतो हे शोधायला टिश्यू पेपरसारखं साधन नाही. प्रत्येक जोडाभोवती टिश्यूची एकेक पट्टी सैलसर गुंडाळायची. बोटाला जे जाणवत नाही ते कागदावर डागासारखं उमटतं. थेंब लहान म्हणून दुर्लक्ष करू नका. दहा सेकंदांना एक थेंब पडला तरी दिवसाला जवळपास ४०० मिलिलिटर पाणी होतं, आणि ते टाइलवरून उतार शोधत थेट प्लायवूडच्या कापलेल्या कडेला जातं.

तो जोड आतून कसा असतो

फ्रिजला येणारी पांढरी नळी म्हणजे आरओवाले ज्याला पाव इंची म्हणतात ती, बाहेरून ६.३५ मिलिमीटर. ती बहुतेक वेळा दाबून बसवायच्या कनेक्टरमध्ये जाते. पाना नाही, आटे नाहीत, नळी आत ढकलली की बसली. दिसायला सोपं असल्यामुळे त्याच्या आत काय चाललं आहे याकडे कुणी बघत नाही.

आत दोन कामं वेगवेगळे भाग करतात. तोंडाशी एक हलणारी प्लॅस्टिकची रिंग असते, तिला आतून स्टीलचे बारीक दात असतात. ते नळीला पकडून ठेवतात, म्हणून नळी ओढली तरी निघत नाही. पाणी मात्र ते दात अडवत नाहीत. पाणी अडवते त्यांच्या मागे बसलेली रबराची ओ-रिंग. ती नळीच्या बाहेरच्या गोल अंगाला चहूबाजूंनी सारखी चिकटली पाहिजे. नळीवर उभा ओरखडा असेल, टोक तिरकं कापलेलं असेल, किंवा बाजूने दाब येऊन नळी जराशी लंबगोल झाली असेल, तर ओ-रिंग एका बाजूला दबते आणि दुसऱ्या बाजूला केसाएवढी फट पडते.

आमच्या दुखण्याचं मूळ या शेवटच्या वाक्यात होतं. नळी पक्की धरलेली, ओढून निघत नाही, म्हणून प्रत्येक जण म्हणायचा की जोड चांगला आहे. धरलेली आहे हे खरं होतं. पण फ्रिज आत गेला की ती तिरकी होत होती.

झाडूला बांधलेला मोबाइल

हे कळलं ते मुलाच्या एका युक्तीमुळे. त्याने मोबाइलवर व्हिडिओ आणि टॉर्च चालू केला, झाडूच्या दांड्याला रबरबँडने बांधला आणि फ्रिजच्या वरच्या फटीतून मागे सोडला. मी फ्रिज हळूहळू आत ढकलत गेले. मग दोघांनी बसून तो व्हिडिओ पाहिला.

सुरुवातीला नळीचा वळसा छान मोकळा दिसत होता. फ्रिज शेवटचे दहा सेंटिमीटर आत जाताना वळसा भिंतीला टेकला. त्याला पुढे जायला जागा नव्हती, म्हणून सगळा दाब कनेक्टरच्या तोंडाशी आला. सरळ बसलेली नळी डोळ्यांदेखत वर कलली आणि कॉकजवळ तिला दुमड पडली. मुलगा म्हणाला, "आई, थांब, मागे घे." मागे घेतल्यावर नळी परत सरळ. म्हणजे फ्रिज बाहेर ओढून तपासणाऱ्या माणसाला हे दिसणं शक्यच नव्हतं. तो तपासायचा तेव्हा दुखणं गेलेलं असायचं.

तुमच्याकडेही जोड बाहेर कोरडा आणि आत ओला असेल, तर दुसरं काही करण्याआधी हा व्हिडिओ काढा. यातच निम्मं काम होतं.

आधीचे उपाय का टिकले नाहीत

पहिल्या वेळी नळीचं टोक कापून तीच नळी परत बसवली. नळी आणखी आखूड झाली, वळसा आणखी घट्ट. दुसऱ्या वेळी आलेल्या काकांनी नळीलाच टेफ्लॉन टेप गुंडाळून कनेक्टरमध्ये ढकलली. मी विचारलं, "काका, इथे टेप चालते का?" ते म्हणाले, "ताई, टेपशिवाय पाणी थांबत नाही." कॉकच्या आट्यांसाठी त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण दाबून बसवायच्या जोडात आटेच नाहीत. तिथे टेपमुळे नळीचं अंग खडबडीत होतं आणि ओ-रिंगला चिकटायला गुळगुळीत जागा मिळत नाही. टेपचा तुकडा सुटून पुढे गेला तर फ्रिजच्या व्हॉल्व्हच्या जाळीत अडकतो ते वेगळंच. तिसऱ्या वेळी जोडावर बाहेरून सिलिकॉन लावलं. ते तीन आठवडे टिकलं. दाबाखालचं पाणी बाहेरून लिंपून थांबत नाही, आणि सिलिकॉन लावल्यावर तो कनेक्टर परत वापरताही येत नाही.

यातल्या कुणाचीही मेहनत कमी नव्हती. सगळे जोड दुरुस्त करत होते आणि दोष जागेत होता.

उपाय: कोनाड्याच्या आत जोडच ठेवायचा नाही

भिंतीतला कॉक, त्यावरचा कनेक्टर, मधला एल्बो (काटकोनी जोड), यातलं काहीही फ्रिजच्या मागे राहता कामा नये. फ्रिजच्या स्वतःच्या अंगावरचा एक जोड टाळता येत नाही, पण तो उजेडात, मोकळ्या खोलीत, दोन्ही हातांनी करता येतो. दुसरा जोड सिंकखालच्या कपाटात घ्यायचा, जिथे कधीही दार उघडून हात घालता येईल. मधली नळी अखंड.

आम्ही फ्रिजमागचा अँगल कॉक काढला आणि त्या जागी आट्यांना टेप लावून डमी, म्हणजे तोंड बंद करणारं बूच, घट्ट बसवली. (इमारतीचा किंवा फ्लॅटचा मुख्य कॉक बंद करून, हे वेगळं सांगायला नको.) सिंकखाली टू-वे अँगल कॉक घेतला, एक तोंड आधीच्या जोडणीला आणि दुसरं फ्रिजला. त्या दुसऱ्या तोंडावर अर्धा इंचावरून पाव इंचावर आणणारा छोटा बॉल व्हॉल्व्ह बसवला, आरओच्या दुकानात मिळतो तोच. आता फ्रिजचं पाणी तोडायचं असेल तर फ्रिजला हात लावावा लागत नाही.

कपाट आणि कोनाडा यांच्यामधल्या पॅनलला जमिनीपासून साधारण २० सेंटिमीटरवर भोक पाडलं. जमिनीलगत नको, कारण नळी चाकाखाली येते. ड्रिल लावण्याआधी पॅनलच्या दोन्ही बाजूंना विजेची पट्टी किंवा गॅसची नळी जात नाही ना, ते हाताने चाचपून घ्या. भोकात २० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा बोटभर तुकडा बसवला आणि त्याच्या कडेने सिलिकॉन फिरवलं. इथे सिलिकॉन योग्यच आहे, कारण प्लायवूडची कापलेली कड उघडी राहिली तर ओल पिते. त्या तुकड्यामुळे नळी लाकडाच्या धारेवर घासत नाही आणि सहज सरकते. उरलेल्या तोंडात स्पंजचा तुकडा खोचला, नाहीतर झुरळांना तयार रस्ता मिळतो.

नळी किती घ्यायची हा प्रश्न लोक चुकवतात. फ्रिजच्या पाठीवर पाणी आत जातं त्या तोंडापासून कपाटातल्या कॉकपर्यंतचं अंतर, अधिक फ्रिज पूर्ण बाहेर यायला लागणारं अंतर, अधिक अर्धा मीटर. आमच्याकडे ती ३ मीटर झाली. फ्रिज आत असताना यातली मीटरभर नळी सिंकखाली ताटाएवढ्या वेटोळ्यात हुकावर लटकते. साफसफाईसाठी फ्रिज ओढला की ती भोकातून आपसूक पुढे जाते. फ्रिजसोबत नवी नळी आली असेल तर तीच वापरा, आणि जुन्या फ्रिजची नळी नव्याला लावू नका. एकदा दातांनी चावलेलं टोक पुन्हा भरवशाचं राहत नाही.

फ्रिजचा जोड, मोकळ्या खोलीत

एवढा मोठा फ्रिज भरलेला असताना शंभर किलोच्या वर जातो. पुढचे पाय फिरवून वर घ्या म्हणजे तो चाकांवर येतो, आणि टाइलवर जाड पुठ्ठा किंवा जुनी सतरंजी टाका. दोन माणसं हवीत. एकाने ओढताना फ्रिज तिरका चालतो आणि पॅनलला खरवडतो.

नळी कात्रीने कापू नका. कात्री नळीला आधी चपटी करते आणि मग कापते. नळी कापायचा छोटा कटर मिळतो, तो नसेल तर नवं ब्लेड घ्या आणि लाकडावर नळी ठेवून एका दाबात काटकोनात कापा. टोकावरची शेवटची दोन सेंटिमीटर नळी बोटात फिरवून बघा, नखाला उभी रेघ लागली तर तेवढा तुकडा टाकून पुन्हा कापा. मग टोकापासून दीड सेंटिमीटरवर पेनाने खूण करा. ही खूण फार कामाची आहे. नळी आत ढकलताना दोनदा अडते. पहिल्यांदा अडते ती ओ-रिंगला, आणि बरेच जण तिथेच थांबतात. ओढून बघितलं तर दातांनी धरलेली असतेच, म्हणून जोड झाला असं वाटतं. तिथून आणखी जोर लावला की मऊसर घसरून ती तळाला टेकते आणि पेनाची खूण रिंगच्या तोंडाशी येते. खूण बाहेर दिसत असेल तर नळी ओ-रिंगपर्यंतच गेली आहे, ती गळणारच.

बसल्यावर नळी एकदा मागे ओढून बघा आणि रिंगखाली लॉक क्लिप अडकवा. ही दोन-पाच रुपयांची अर्धगोल क्लिप रिंगला आत दबू देत नाही. अरुंद जागेत फ्रिजचा मागचा भाग किंवा भिंत त्या रिंगवर दाबली गेली तर जोड आपोआप सुटू शकतो, कारण नळी काढायची पद्धतच ती आहे: रिंग दाबायची आणि नळी ओढायची.

फ्रिजच्या तोंडातून नळी सरळ मागे येत असेल तर तिथे काटकोनी एल्बो कनेक्टर लावा, म्हणजे नळी भिंतीकडे न येता फ्रिजच्या पाठीलगत बाजूला वळते. मागे लागणारी जागा निम्म्याहून कमी होते. जोडानंतरची पहिली दहा सेंटिमीटर नळी सरळ जाऊ द्या आणि तिथे फ्रिजच्या पाठीला क्लिपने धरा. पुढे काहीही हललं तरी ओढ क्लिपवर येते, जोडावर येत नाही. वळण चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान नको. कॉम्प्रेसरमधून निघणारी तांब्याची नळी चांगलीच तापते, तिला आणि पंख्याच्या पात्याला आपली नळी लागता कामा नये.

वेटोळ्यातली नळी हट्टी असते, मूळ गोलाईकडेच वळते. टोकाकडची हातभर नळी कढत पाण्यात मिनिटभर धरून सरळ केली की ऐकते. उकळतं पाणी नको.

आता फ्रिज बाहेरच ठेवून दुसरं टोक सिंकखाली जोडा, कॉक उघडा, जोडांना टिश्यू बांधा आणि रात्रभर सोडा. ही रात्र वाचवू नका. सकाळी कागद कोरडे असतील तरच फ्रिज आत. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने कपाटात बसून नळी हलकेच आपल्याकडे घेत राहायची. खेचायची नाही, सैल पडेल तेवढीच घ्यायची. मागे हातभर सैल नळी राहू दे. पुन्हा एकदा मोबाइल आत सोडून बघा, दुमड नसेल तर काम झालं.

आत हवा असते म्हणून सुरुवातीला पाणी फुसफुसत येतं. चार-पाच लिटर पाणी काढून टाका. पहिल्या दिवसाचा बर्फही टाकून द्या.

सिंक शेजारी नसेल तर

प्रत्येकाची रचना आमच्यासारखी नसते. मागच्या भिंतीशिवाय पर्यायच नसेल तर कॉक भिंतीत आत घ्या. वॉशिंग मशिनसाठी भिंतीत बसवायचा बॉक्स मिळतो, तसा खाचेत बसवला की कॉक भिंतीच्या पातळीच्या आत राहतो. तो फ्रिजच्या मधोमध न घेता एका कडेला घ्या, म्हणजे नळीला आडवं धावायला लांबी मिळते. कोनाड्यावर माळा असेल तर नळी माळ्यावरून उतरवता येते आणि कॉक माळ्यात राहतो. फोडाफोड नको म्हणून एल्बोला एल्बो जोडून जागा वाचवणं मात्र करू नका. प्रत्येक एल्बोला दोन तोंडं, म्हणजे अंधारात गळायला दोन जागा जास्त.

आटे जुळतात असं वाटतं, तेव्हा

अमेरिकेतून कुणी फ्रिजचा नळी-संच आणून दिला असेल तर सांभाळा. आपल्याकडचे आटे बीएसपी, तिकडचे एनपीटी, ही पाइपच्या आट्यांची दोन वेगळी मापं आहेत. अर्ध्या इंचात दोन्हींचे इंचाला १४ आटे असतात, म्हणून ते एकमेकांत बऱ्यापैकी फिरतात आणि जुळल्यासारखे वाटतात. पण आट्यांचा कोन एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०, त्यामुळे कितीही टेप गुंडाळली तरी झिरपतं. पाव इंचात तर आट्यांची संख्याच वेगळी, १९ आणि १८, ते दोन फेऱ्यांत अडकतात. तिकडची नळी ठेवायची असली तरी भिंतीकडचा कनेक्टर इथलाच घ्या.

नटाखाली पितळी रिंग आवळून बसवायचा जोड असेल आणि नळी प्लॅस्टिकची असेल, तर नळीच्या आत आधाराची बारीक नळकांडी घालावी लागते. ती नसेल तर पितळी रिंग नळीला चिमटते आणि काही महिन्यांनी नळी त्याच रेषेवर चिरते. अशा नटाला हाताने घट्ट करून मग पान्याने थोडंच फिरवा.

जोड चांगला, तरी पाणी नीट येत नाही

ही तक्रार गळतीएवढीच वारंवार येते आणि तिचा संबंध मजल्याशी आहे. माझी नणंद ठाण्याला सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहते. तिच्या फ्रिजमधून पाणी धाग्यासारखं यायचं आणि बर्फाचे तुकडे अर्धे, पोकळ. तिने फिल्टर बदलला, नळी बदलली, फरक शून्य.

अशा बऱ्याच फ्रिजना आत येणाऱ्या पाण्याचा दाब किमान २० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड, दाब मोजायचं एकक) लागतो. तुमच्या फ्रिजचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. गच्चीच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब फक्त उंचीवर अवलंबून असतो: दर मीटरला सुमारे १.४ पीएसआय. म्हणजे २० पीएसआयसाठी टाकीतलं पाणी फ्रिजच्या तोंडापेक्षा १४ मीटर वर हवं. शेवटच्या मजल्यावर हे अंतर चार-साडेचार मीटरच असतं, दाब सहा-साडेसहा. मजला साधारण ३ मीटरचा धरला तर वरून चारेक मजले खाली आल्यावर कुठे २० चा आकडा गाठला जातो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर असल्यामुळे आम्हाला हे कधी जाणवलंच नाही.

कमी दाबाचा आणखी एक त्रास आहे. फ्रिजमधला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह बंद होताना पाण्याच्या दाबाची मदत घेतो. दाब पुरेसा नसला तर तो पूर्ण बसत नाही आणि थेंब थेंब पाणी बर्फाच्या ट्रेत झिरपत राहतं. मग बर्फाचा गड्डा होतो, किंवा पाणी नेणारी बारीक नळीच गोठते. बाहेरून तीही गळतीच वाटते.

दाब पाहायला गेज नसेल तर सोपी कसोटी करा. काही मॅन्युअलमध्ये ती दिलेली असते: १७० मिलिलिटरचा पेला १० सेकंदांत भरला पाहिजे. नणंदेकडे आरओला लागतो तसा छोटा पंप, दाब पाहून आपोआप चालू-बंद होणारा, सिंकखाली बसवला आणि प्रश्न मिटला. आरओच्या टाकीतून फ्रिजला पाणी द्यायचं म्हणणाऱ्यांनीही हेच लक्षात घ्या. आपल्याकडचे बहुतेक भिंतीवरचे आरओ शुद्ध पाणी साध्या टाकीत साठवतात आणि नळातून ते फक्त वजनाने येतं. तिथे फ्रिजपुरता दाब नसतोच, मध्ये पंप लागतोच.

उंच टॉवरमध्ये खालच्या मजल्यांवर, किंवा सोसायटीने दाबाचा पंप बसवला असेल तिथे उलटं होतं. फ्रिजचा व्हॉल्व्ह झटकन बंद होतो, पाणी जागच्या जागी अडतं आणि नळीला हिसका बसतो. पाणी घेऊन झाल्यावर मागे ठक्क आवाज येत असेल तर कॉकनंतर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावा. तो हिसका दिवसातून वीस वेळा जोडालाच बसतो.

उंदीर आणि टँकरचं पाणी

तळमजल्यावर किंवा जुन्या इमारतीत राहत असाल तर ही पांढरी नळी उंदीर कुरतडतात हे गृहीत धरा. गळती जोडापासून दूर, नळीच्या मध्येच असेल आणि तिथे दातांच्या जोडखुणा दिसत असतील तर नवी नळी पीव्हीसी पाइपातून न्या. नळी फ्रिजबरोबर सरकते तेवढा भाग उघडा राहणारच, तिथे स्टीलची जाळी विणलेली नळी उत्तम.

आमच्या भागात पवना धरणाचं पाणी येतं तेव्हा काही त्रास नाही. एप्रिल-मेमध्ये सोसायटीत बोअरच्या पाण्याचे टँकर सुरू झाले की क्षार आणि गाळ दोन्ही येतात. व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते ती भरते, फ्रिजचा फिल्टर मुदतीआधी तुंबतो, आणि पाण्याची धार बारीक झाली की लोक नळी दुमडली असं समजून फ्रिज ओढायला जातात. फ्रिज ओढण्याआधी सिंकखालचं टोक सोडून बादलीत धार बघा. तिथे धार जोरात असेल तर कॉक आणि पाण्याचा दाब ठीक आहे, अडलं आहे ते पुढे, नळीत, जाळीत किंवा फिल्टरमध्ये. फिल्टर बाजूला काढून पाणी सुधारलं तर तोच बदला. आम्ही सिंकखाली, कॉकनंतर, गाळ पकडणारा साधा फिल्टर लावला आहे, तो उघडून बदलायला पाच मिनिटं पुरतात.

चार दिवसांहून जास्त बाहेरगावी जाताना मी सिंकखालचा छोटा कॉक बंद करते, त्याआधी बर्फाचं यंत्र बंद करते. यंत्र चालू आणि पाणी बंद असं ठेवलं तर ते रिकामंच फिरत राहतं. आल्यावर आधी कॉक उघडायचा, कपाटातल्या जोडावर बोट फिरवायचं, दोन पेले पाणी काढून टाकायचं आणि मग यंत्र चालू करायचं.